पीएस४ च्या जुन्या डिस्क पीएस५ वर: कोणत्या अपग्रेडला पैसे मोजावेत?

रिकामटेकडा

पीएस४ (प्लेस्टेशन ४) स्लिम काढून पीएस५ स्लिम घ्यायचा विचार आहे. डिस्क ड्राइव्ह नसलेली डिजिटल एडिशन डिस्कवाल्यापेक्षा स्वस्त, म्हणून कल तिकडे आहे. कपाटात या डिस्क आहेत: घोस्ट ऑफ त्सुशिमा (साधी, डायरेक्टर्स कट नव्हे), द लास्ट ऑफ अस पार्ट २, अनचार्टेड ४, होरायझन झीरो डॉन कम्प्लीट एडिशन आणि विचर ३. शिवाय पीएस प्लसवर (सोनीच्या वर्गणीवर) घेतलेला फायनल फँटसी ७ रीमेक. टीव्ही ४के आहे, पण ६० हर्ट्झचा.

जुन्या डिस्क डिजिटल एडिशनवर कोड वगैरे टाकून चालवता येतात का? जवळजवळ प्रत्येक गेमचं दहा डॉलरचं अपग्रेड निघालंय, ती सगळी घ्यावीत की काही नुसती रंगसफेदी आहेत? आणि जुने सेव्ह नव्या आवृत्तीत येतात का? त्सुशिमा अर्ध्यावर आहे, पहिल्यापासून खेळायची तयारी नाही.

बटणबहाद्दर

पहिल्याचं उत्तर: नाही. डिस्क म्हणजे इथे किल्ली. अपग्रेड घेतलंत की पीएस५ ची आवृत्ती अख्खी इंटरनेटवरून उतरते, डिस्कवरचं काहीही वापरलं जात नाही. तरी दर वेळी गेम सुरू करताना तीच पीएस४ ची डिस्क ड्राइव्हमध्ये असावी लागते. कोड मिळत नाही आणि डिस्क अकाउंटला कायमची जोडलीही जात नाही. तसं असतं तर लोकांनी अपग्रेड उरकून दुसऱ्या दिवशी डिस्क विकल्या असत्या. याच न्यायाने, उद्या डिस्क विकलीत किंवा कुणाला दिलीत की अपग्रेडचे पैसेही तिच्याबरोबर गेले.

स्लिमच्या डिजिटल एडिशनला ड्राइव्ह नंतर वेगळा घेऊन बसवता येतो. बाजूचं झाकण काढायचं, ड्राइव्ह दाबून बसवायचा, आणि पहिल्यांदा इंटरनेट जोडून तो कन्सोलशी जुळवून घ्यायचा. हे जुळवणं ऑफलाइन होत नाही. पण २०२० च्या जुन्या जाड मॉडेलच्या डिजिटल एडिशनला ही सोय नाही. सेकंडहँड बघत असाल तर हे आधी विचारा, तिथे लोक हमखास फसतात.

पाच डिस्क डिजिटलमध्ये पुन्हा विकत घ्यायच्या तर वाचवलेल्या पैशांतलं फारसं काही उरणार नाही. ड्राइव्हवालाच घ्या.

आणखी एक खोच. पीएस४ ची डिस्क घातली की पीएस५ न विचारता पीएस४ ची आवृत्ती कॉपी करायला लागतो. अपग्रेड घेतलं असेल तर ती कॉपी रद्द करा, नाहीतर एकच गेम दोनदा जागा खातो. दोन्ही आवृत्त्या असतील तर 'प्ले'च्या शेजारच्या तीन ठिपक्यांतून कोणती चालवायची ते निवडता येतं. ‘अपग्रेड घेतलं पण फरक काहीच दिसत नाही’ अशी तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते: माणूस पीएस४ चीच आवृत्ती खेळत असतो.

तिसरा_डाव

अपग्रेडचं गणित गेमगणिक वेगळं आहे. पैसे देण्याआधी एकच गोष्ट पाहायची: पीएस४ च्याच आवृत्तीला पीएस५ साठी सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवणारा फुकट पॅच, म्हणजे सुधारणेचं अपडेट, मिळालाय का? मिळाला असेल तर डोळ्यांना जाणवणारा सर्वांत मोठा फरक तुम्हाला आधीच फुकटात मिळतो. दहा डॉलर मग उरलेल्या गोष्टींचे.

लास्ट ऑफ अस पार्ट २ ला असा पॅच मे २०२१ मध्येच आला. डिस्क घाला, अपडेट होऊ द्या, सेटिंगमध्ये फ्रेमरेट ६० करा. जानेवारी २०२४ च्या रीमास्टर्डमध्ये वर काय मिळतं? फिडेलिटी मोडला पूर्ण ४के, कमी लोडिंग, ड्युअलसेन्सचे (पीएस५ च्या कंट्रोलरचे) कंप, अंतिम गेममधून वगळलेल्या तीन लेव्हल्स, आणि 'नो रिटर्न' नावाचा मोड, ज्यात दर खेपेला सामने बदलतात आणि मेलात की पुन्हा पहिल्यापासून. लढाई आवडत असेल तर या एका मोडसाठी पैसे वसूल. कथा एकदा पाहून झालीय आणि लढाईत रस नाही, तर सोडून द्या.

होरायझनचंही तसंच. ऑगस्ट २०२१ च्या पॅचने मूळ गेम ६० फ्रेमला गेला. ऑक्टोबर २०२४ चं रीमास्टर निक्सेसने मूळ गेम बनवणाऱ्या गुरिलाबरोबर केलं. त्यात दहा तासांहून जास्त संभाषणं नव्याने मोशन कॅप्चर करून घेतलीत. मूळ गेममध्ये गप्पांच्या वेळी पात्रं खांबासारखी उभी राहायची, ते गेलंय. दुसरा भाग आधी खेळून मग पहिल्याकडे वळणाऱ्याला हा फरक खटकन दिसतो. जाता जाता: या रीमास्टरची घोषणा व्हायच्या सुमारास जुन्या कम्प्लीट एडिशनची अमेरिकी स्टोअरवरची किंमत २० वरून ४० डॉलर झाली. ज्यांच्याकडे आधीपासून डिस्क होती ते वाचले.

अनचार्टेड ४ मात्र उलटं प्रकरण. त्याला पीएस५ साठी फुकट पॅच कधी आलाच नाही, त्यामुळे जुनी डिस्क पीएस५ वरही ३० फ्रेमलाच चालते. जानेवारी २०२२ च्या लेगसी ऑफ थीव्ह्ज कलेक्शनमध्ये ६० फ्रेमचा मोड आहे, आणि नुसत्या अनचार्टेड ४ च्या डिस्कवर अपग्रेड घेतलं तरी लॉस्ट लेगसी हा अख्खा दुसरा गेम त्यात येतो. तुमच्या यादीत डोळे झाकून घ्यावं असं हे एकच. मल्टिप्लेअर काढून टाकलाय, तो हवा असेल तर जुनी आवृत्ती ठेवावी लागेल. पीएस प्लसवर मिळालेल्या अनचार्टेड ४ ला हे अपग्रेड लागू नाही, पण तुमच्याकडे डिस्क आहे.

विचर ३ फुकट आहे. डिसेंबर २०२२ पासून पीएस४ ची डिस्क घातली की पीएस५ ची आवृत्ती डाउनलोडला मिळते. रे ट्रेसिंगचा (प्रकाश-प्रतिबिंबं खरी वाटावीत असा) मोड ३० फ्रेमचा आहे, तो एकदा बघून बंद करा.

त्सुशिमाचं जरा गुंतागुंतीचं आहे. २०२१ च्या डायरेक्टर्स कटला तीन वाटा होत्या. साध्या पीएस४ वरून पीएस४ चा डायरेक्टर्स कट २० डॉलर, थेट पीएस५ चा ३०, आणि पीएस४ च्या डायरेक्टर्स कटवरून पीएस५ चा १०. इकी बेटाची नवी कथा २० मध्येच येते, आणि पीएस४ ची आवृत्तीही पीएस५ वर ६० फ्रेमला चालते. वरचे १० डॉलर कंपनं, लोडिंग आणि जपानी संवादांशी जुळणाऱ्या ओठांच्या हालचाली यांचे. हे ओठ पीएस४ वर का जुळत नाहीत? तिथे कथेतली दृश्यं आधीच व्हिडिओ म्हणून तयार करून ठेवलेली आहेत, इंग्रजी ओठांसकट. पीएस५ ती दृश्यं जागच्या जागी रेंडर करतो, म्हणून भाषेप्रमाणे तोंड हलवता येतं. जपानी आवाजात खेळणार असाल तर ३० वाला घ्या, नाहीतर २० पुरे.

डॉलरचे आकडे अमेरिकी स्टोअरचे आहेत. भारतीय स्टोअरवर रुपयांत काय दाखवतंय ते घेण्याआधी पाहा, आणि सेलमध्ये अख्खी पीएस५ आवृत्ती अपग्रेडच्या आसपास उतरलीय का तेही. उतरली असेल तर तीच घ्या, डिस्कची कटकट कायमची संपते.

सेव्हपॉइंट

सेव्हबद्दल. पीएस४ आणि पीएस५ चे सेव्ह वेगळ्या प्रकारचे असतात. नवी आवृत्ती जुना सेव्ह आपणहून उचलत नाही, त्यामुळे काम दोन टप्प्यांत करायचं: आधी पीएस४ चा सेव्ह पीएस५ च्या मशीनवर आणायचा, मग गेमच्या आतून तो आयात करायचा. पहिला टप्पा विसरून लोक थेट नवी आवृत्ती उघडतात आणि सेव्ह उडाला म्हणून ओरडतात. उडालेला नसतो, जुन्या मशीनवरच असतो.

पीएस प्लस चालू असेल तर पीएस४ वरून क्लाउडवर चढवा आणि पीएस५ वर उतरवा. नसेल तर पेनड्राइव्ह, एक्सफॅट किंवा फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला. पीएस४ वर सेटिंग्ज, ॲप्लिकेशन सेव्ह्ड डेटा मॅनेजमेंट, सिस्टिम स्टोरेजमधला डेटा, कॉपी टू यूएसबी. पीएस५ वर सेटिंग्ज, सेव्ह्ड डेटा अँड गेम/ॲप सेटिंग्ज, त्यात पीएस४ चा विभाग, तिथून कन्सोलवर कॉपी. दोन्हीकडे पीएसएन अकाउंट तेच हवं, दुसऱ्याच्या अकाउंटचा सेव्ह उघडत नाही. पीएस५ चे स्वतःचे सेव्ह मात्र पेनड्राइव्हवर काढता येत नाहीत, त्यांना क्लाउडच. म्हणून पीएस४ विकण्याआधी पेनड्राइव्हवरची प्रत सांभाळून ठेवा.

मग त्सुशिमाच्या पीएस५ आवृत्तीत सुरुवातीच्या मेनूवरच पीएस४ चा सेव्ह आणायचा पर्याय आहे. हलवण्याआधी पीएस४ वरचा गेम अपडेट करून एक सेव्ह हाताने करा, ऑटोसेव्हवर विसंबू नका. लास्ट ऑफ असमध्येही आयात गेमच्या आतूनच होते आणि आधी कमावलेल्या ट्रॉफ्या नव्या यादीत धडाधड पडतात.

फायनल फँटसी ७ चा मामला निराळा. तिथे पीएस४ ची आवृत्ती अपडेट करून तिच्या मुख्य मेनूतल्या 'अपलोड सेव्ह डेटा'तून सेव्ह चढवावा लागतो, मग इंटरग्रेडमध्ये (त्याच गेमच्या पीएस५ आवृत्तीत) उतरवायचा. पीएस प्लसची प्रत सुरुवातीला अपग्रेडला चालत नव्हती, डिसेंबर २०२१ पासून चालते आणि अपग्रेड फुकट आहे. युफीचा भाग तेवढा वेगळा विकत. पीएस प्लस संपलं की गेम बंद, हे ओघाने आलंच.

नाकतोडा

@तिसरा_डाव, बाकी सगळं पटलं, पण 'फुकट पॅच असला की काम झालं' हे सरसकट म्हणू नका. जुन्या गेमचा फ्रेमरेट नुसता वाढवला की तो सुखाने चालतो असं नाही. कित्येक गेममध्ये घड्याळ फ्रेमवरच चालतं. डार्क सोल्स २ च्या पीसी आवृत्तीत शस्त्राची झीज फ्रेमरेटला बांधलेली होती. ६० फ्रेमला तलवार दुप्पट वेगाने झिजायची, आणि ते दुरुस्त व्हायला २०१५ उजाडलं. अशा गेमला कुणीतरी आत हात घालून काम करावंच लागतं, आणि त्या कामाचे पैसे मागण्यात गैर काही नाही.

उलट टोकाला, पैसे घेऊन बिघडवलेलेही आहेत. २०१२ च्या सायलेंट हिल एचडी कलेक्शनवाल्यांना मूळ गेमचा अंतिम सोर्स कोड मिळालाच नाही, अपुऱ्या कोडवर काम करावं लागलं. वर धुकं विरळ झालं आणि ज्या गोष्टी झाकायला ते धुकं होतं त्या उघड्या पडल्या. नोव्हेंबर २०२१ ची जीटीए ट्रिलॉजी (तीन जुन्या जीटीए गेमचं रीमास्टर) मोबाइलच्या आवृत्त्यांवरून उभी केली. दुकानांच्या पाट्या यंत्राने मोठ्या करताना अक्षरं चुकली, पाऊस म्हणजे पांढऱ्या रेघा. डोनटच्या दुकानावरचा तो मोठा (बोल्टला लावतात तसला) नट षटकोनी होता, कडा गोल केल्यावर त्यातला विनोदच गेला. नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये जुन्या प्रकाशाचा पर्याय आला, म्हणजे तीन वर्षांनी. म्हणून रीमास्टर कुणी केलंय ते नाव बघूनच पैसे काढावेत.

टीव्हीचं कुणी बोललं नाही. ६० हर्ट्झवर ४० फ्रेमचा बॅलन्स्ड मोड तुम्हाला दिसणारच नाही. ४० फ्रेम म्हणजे दर फ्रेमला २५ मिलिसेकंद. ६० हर्ट्झचा पडदा १६.७ मिलिसेकंदाला बदलतो, त्यात २५ बसत नाही. १२० हर्ट्झवर दर तिसऱ्या फेरीला एक फ्रेम बरोबर बसते. तेव्हा गेम प्रीसेट्समध्ये परफॉर्मन्स मोड लावून विषय संपवा. आणि टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खाचेत जोडाल तिचं 'एन्हान्स्ड' सेटिंग चालू करा, ते बंद असेल तर ४के ६० ला एचडीआर धड मिळत नाही.

रिकामटेकडा

ड्राइव्हवाला नक्की. यातली होरायझनची डिस्क अमेरिकेहून आणलेली आहे, अकाउंट भारतातलं. तिला अपग्रेड मिळेल का? आणि १ टीबी पुरेल का?

बटणबहाद्दर

अमेरिकी डिस्कला भारतीय अकाउंटवरून अपग्रेड मिळेल असं धरू नका. गेम चालतो, त्याला प्रदेशाचं बंधन नाही. पण अपग्रेड आणि डीएलसी (गेमला जोडायचा जादा भाग) डिस्कच्या प्रदेशाच्याच स्टोअरमधलं लागतं. भारताचं स्टोअर युरोपच्या गटात मोडतं. डिस्कच्या डबीच्या पाठीवर किंवा तबकडीवर सीयूएसए आणि पाच आकडे असा क्रमांक असतो. त्याच गेमचा अमेरिकी आणि युरोपी क्रमांक वेगळा. डिस्क घालून गेमचं पान उघडा: अपग्रेडऐवजी पूर्ण किंमत दिसली तर समजा क्रमांक जुळत नाही. घाईने 'बाय' दाबू नका. तिथे मूळ गेमचा फुकट पॅच आहेच, त्यावर भागवा.

जागेचं: १ टीबीतले साधारण ८४० जीबी हाती लागतात. पीएस४ चे गेम यूएसबी ३ च्या साध्या बाहेरच्या हार्डडिस्कवरून थेट चालतात, ते तिकडे टाका. पीएस५ च्या आवृत्त्या बाहेर फक्त साठवता येतात, खेळायला आत आणाव्याच लागतात. पुढे आत एम.२ एसएसडी (साठवणीची जादा पट्टी) बसवायची झाली तर पीसीआयई जेन ४ ची, ५५०० एमबी प्रति सेकंद वाचणारी, आणि हीटसिंक धरून जाडी ११.२५ मिमीच्या आत. बाजारात मिळणारे काही हीटसिंक याहून जाड असतात, मग वरचं झाकण बसत नाही. आधी मोजून मगच ऑर्डर करा.