मदत हवी आहे: 'गॉबस्मॅक्ड'ला मराठीत काय म्हणावं?

एका दिवाळी अंकासाठी इंग्रजी कथेचा अनुवाद करतेय. कथा मँचेस्टरची. सत्तरी उलटलेली आजी, तरुणपणी कापडगिरणीत राबलेली. नातवाने घर घेतल्याचं कळल्यावर शेजारणीला सांगते, 'मी तर गॉबस्मॅक्ड!' मी आधी 'आश्चर्यचकित झाले' लिहिलं, मोठ्याने वाचलं आणि माझं मलाच हसू आलं. गिरणीतली बाई असं बोलेल? 'थक्क' त्यातल्या त्यात बरं, पण तेही कडक इस्त्रीचं वाटतं.

'गॉब' म्हणजे तोंड, 'स्मॅक' म्हणजे चापट, एवढं कोशात सापडलं. मग 'थोबाडीत बसल्यासारखं झालं' चालेल का? आणि शब्द शिवराळ आहे की नुसताच गावरान? आजी तोंडाळ नाही हो, तिच्या तोंडी भलतंसलतं नको.

लीड्सकर: शिवी अजिबात नाही. पण गॉब म्हणजे आपलं थोबाडच. 'शट युअर गॉब' हे इथे भांडणात हमखास ऐकू येतं. पोरांची ती तोंडात न मावणारी टणक गोळी असते ना, ती गॉबस्टॉपर. शब्द उत्तर इंग्लंडच्या बोलीतला. १९८०च्या दशकात वर्तमानपत्रांनी उचलला आणि मग साहेबलोकही वापरू लागले. चापटीचं म्हणाल तर दोन अर्थ लावतात: कुणीतरी तोंडावर मारल्यासारखं होणं, किंवा नवलाने आपणच तोंडावर हात मारून घेणं.

जुनीपोथी: थोबाडीत नको! मराठीत थोबाडीत बसली की अपमान आला. इंग्रजीत मार उरलाय, अपमान गेलाय.
बाकी इंग्रजांना आश्चर्याचा फटकाच बसतो असं दिसतं. 'ॲस्टॉनिश' फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या 'तोनारे'कडे जातो, म्हणजे गडगडणे. अंगावर वीज पडल्यागत होणं. 'स्टन'ही त्याच घरचा. आणि गंमत म्हणजे संस्कृतातला 'स्तन्' धातूही गडगडण्याचाच आणि त्याच कुळातला. 'स्तनयित्नु' म्हणजे मेघगर्जना. 'फ्लॅबरगॅस्टेड'ला मात्र असं खानदान नाही. १७७२ साली 'ॲन्युअल रजिस्टर' या इंग्रजी वार्षिकात नव्या फॅशनचा शब्द म्हणून त्याची थट्टा झाली, 'बोअर्ड'च्या जोडीला. म्हणजे थक्क होणं आणि कंटाळणं, दोन्ही एकदमच फॅशनमध्ये!

लीड्सकर: स्तनयित्नु आजीच्या तोंडी घालू नका म्हणजे झालं.

मधलीआळी: आमची आजी 'चाटच पडले बाई मी!' म्हणायची. तोंडावर पदर धरून.

धागाकर्ती: हेच हवं होतं! पदर मँचेस्टरमध्ये कुठून आणू, पण 'अगं, चाटच पडले मी!' पक्कं. तोंडावर हात मारण्याची कल्पनाही घेतली. मूळ वाक्यात नाही, पण संपादक हरकत घेणार नाहीत बहुधा.
पुढच्याच पानावर आजोबा 'चफ्ड' आहेत, म्हणजे भलतेच खूश. त्यांच्यासाठी उद्या वेगळा धागा काढते.