रॉड बसला, झोप उडाली: अपघाताच्या पेशंटची मानसिक तपासणी सक्तीची करावी का?

कृष्णाकाठचा: सांगली-मिरजेत हाडांच्या दवाखान्यांना तोटा नाही. कडबाकुट्टीत हात गेलेला असो की दुचाकी उसाच्या ट्रॉलीवर आदळलेला, पेशंट वाचतो, रॉड बसतो, घरी जातो. पण त्याला झोप लागते का, हॉर्न वाजला की दचकतो का, हे डिस्चार्ज कार्डावर कुठंच नसतं. घरी सोडण्याआधी प्रत्येकाला मानसोपचारवाल्यानं भेटलंच पाहिजे. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सनं २०२२ च्या निकषांत मोठ्या ट्रॉमा सेंटरना मानसिक त्रासाचा जास्त धोका असलेल्या रुग्णांची प्राथमिक तपासणी आणि गरज पडल्यास पुढं पाठवणं बंधनकारक केलंय.

साधा_माणूस_वाळवा: काय राव, बिलानं माणूस आधीच अर्धा झालाय, त्यात अजून एक डॉक्टर! पाय मोडल्यावर चार रात्री झोप नाहीच लागणार. आपल्यात डबा घेऊन अख्खी भावकी येते, तेच औषध. आणि केसपेपरावर 'मानसिक' लिहिलं की गावात काय होतं ते सांगायला नको. घरात पोरगी लग्नाची असली तर बघाच.

रात्रपाळी_सिस्टर: भावकीचं ऐकून हसू आलं. "चूक कुणाची?" "विमा होता का?" येईल त्याला तोच अपघात पुन्हा सांगायचा. बोटं गेलेल्या पोराला म्हणतात, "जीव वाचला ना, मग रडतोस काय?" रात्री दोनला नातेवाईक सतरंजीवर घोरत असतात, तेव्हा तो आम्हाला विचारतो, "सिस्टर, ट्रॅक्टर चालवता येईल का हो?" तरी सक्ती नको. एका सिस्टरकडं अख्खा वॉर्ड. 'झोप बरी' वर टिक करून फॉर्म पुढं जाईल.

जाई_सातारा: वेळच चुकीची निवडलीय. अपघातानंतर लगेच सगळ्यांना 'काय घडलं ते सांगा' म्हणत एकदाच मोकळं करायची पद्धत नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनंच २०१३ मध्ये सांगितलंय. लक्षणं महिन्यावर टिकल्याशिवाय पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतर मनात राहणाऱ्या धसक्याच्या आजाराचं, निदानही होत नाही, बरेच जण आपसूक सावरतात. उलट डिस्चार्जला हसत गेलेला माणूस दीड महिन्यानं घराबाहेर पडत नाही, फिजिओला जात नाही, आणि मग गुडघा आखडतो. विचारायचं तर तो एक्स-रे दाखवायला येतो तेव्हा विचारा. मानसोपचाराच्या चिठ्ठीवर कुणी फिरकत नाही, एक्स-रेला सगळे येतात.

कृष्णाकाठचा: आणि वॉर्डातच "मला मारून टाका" म्हणणारा? त्यानं दीड महिना थांबायचं?

जाई_सातारा: थांबायचं कोण म्हणालं? त्याला त्याच दिवशी दाखवायचं. घरी गेल्यावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास फुकट आहे. माझा विरोध सरसकट सक्तीला.

साधा_माणूस_वाळवा: हाडाच्या डॉक्टरनंच विचारलं तर हरकत नाही. वेगळी खोली, वेगळा बोर्ड नको. पण ओपीडीत एवढी रांग असताना तो मान तरी वर करेल का?

रात्रपाळी_सिस्टर: तो नाही करणार. प्लास्टर कापणाऱ्या ब्रदरशी मात्र पेशंट मोकळं बोलतात. त्याला दोन-चार प्रश्न शिकवा आणि पुढं पाठवायचा अधिकार द्या.

साधा_माणूस_वाळवा: अधिकार देतील हो, पगार कोण वाढवणार?