कीबोर्ड लॅपटॉपला जोडला, पण ध्वनिमुद्रणात पेटी येत नाही

प्रश्न (कुडाळ)

नमस्कार. मी आमच्या वाडीच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. चाकरमानी चतुर्थीला गावी येण्याआधी यंदाच्या चाली त्यांच्या कानांवरून गेलेल्या असाव्यात, म्हणून त्या ६१ पट्ट्यांच्या डिजिटल कीबोर्डवर वाजवून, लॅपटॉपवर मुद्रित करून मुंबईला पाठवण्याचा विचार आहे. कीबोर्डच्या मागच्या चौकोनी यूएसबी पोर्टमध्ये प्रिंटरची केबल नेमकी बसली आणि विंडोजने कीबोर्ड ओळखलाही. मात्र मुद्रण ऐकले, तर त्यात लॅपटॉपच्या माइकने टिपलेला खोलीतला आवाजच येतो, आणि पेटीपेक्षा कौलांवरचा पाऊस अधिक ऐकू येतो. केबल खराब आहे की माझी पद्धत चुकते आहे?

उत्तर (रत्नागिरी)

कीबोर्ड ओळखला गेला, त्या अर्थी केबल ठीक आहे. बहुतेक कीबोर्डांत या केबलमधून आवाज जातच नाही. जातात त्या मिडीच्या सूचना, म्हणजे कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली एवढेच. १९८३ पासून चालत आलेल्या या पद्धतीत प्रत्येक पट्टीला ० ते १२७ यांपैकी एक क्रमांक असतो. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६० आणि तिच्या शेजारची काळी एक म्हणजे ६१. या आकड्यांपासून आवाज तयार करण्याचे काम लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरचे असते, आणि साध्या रेकॉर्डरला ते जमत नाही. (काही नव्या कीबोर्डांत त्याच केबलमधून आवाजही जातो. माहितीपुस्तिकेत 'यूएसबी ऑडिओ' असा उल्लेख आहे का, ते आधी पाहावे.)

आपण रीपरसारखे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर घ्यावे. ते वापरून पाहण्यासाठी ६० दिवस मिळतात. त्याच्या सेटिंगमध्ये मिडी इनपुट म्हणून कीबोर्ड सुरू करावा आणि ट्रॅकवर एखादे वाद्य बसवावे. जनरल मिडी या १२८ आवाजांच्या ठरावीक यादीतला २१वा, रीड ऑर्गन, आपल्या पेटीला बराच जवळचा आहे. कीबोर्डचा आणि लॅपटॉपचा असे दोन आवाज एकदम येऊ लागले, तर कीबोर्डचे 'लोकल कंट्रोल', म्हणजे पट्टी दाबल्यावर त्याचा स्वतःचा आवाज वाजण्याची सोय, बंद करावे.

हा खटाटोप करण्यासारखा आहे, कारण एखादा स्वर चुकला तर तेवढाच दुरुस्त करता येतो, आणि पुरुषांसाठी काळी दोनमध्ये (म्हणजे त्या पट्टीला सा धरून) वाजवलेली चाल महिला मंडळासाठी पुन्हा न वाजवता काळी चारमध्ये नेता येते.

प्रश्नकर्ता

आपण सांगितल्याप्रमाणे केले आणि आवाज आला, त्याबद्दल मनापासून आभार. परंतु पट्टी दाबल्यावर तो किंचित उशिरा उमटतो. गजर द्रुत लयीत गेला की हात अडखळतात.

उत्तर (रत्नागिरी)

तो उशीर विंडोजच्या नेहमीच्या ध्वनिमार्गाचा आहे. आवाज कमी उशिराने पोचवणारा एएसआयओ प्रकारचा ड्रायव्हर बसवून बफर (आवाज पुढे पाठवण्याआधी जेवढा साठवला जातो तो भाग) २५६ सँपल, म्हणजे आवाजाचे २५६ नमुने, एवढा ठेवावा; ४४,१०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तितके नमुने असताना, त्याचा उशीर सुमारे ६ मिलिसेकंद होतो, आणि प्रत्यक्षात त्यात थोडी भर पडली तरी हाताला तो जाणवत नाही. आवाजात तडतड येऊ लागल्यास बफर ५१२ करावा.

उत्तर (मालवण)

माझे मत थोडे वेगळे आहे. आपल्याला कीबोर्डमधल्याच पेटीचा आवाज आवडत असेल, तर हेडफोनच्या जॅकमधून तो यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या (बाहेरचा आवाज लॅपटॉपमध्ये पोचवणाऱ्या उपकरणाच्या) लाइन इनपुटमध्ये घ्यावा. लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात ती वायर थेट घालू नये; ते क्षीण आवाजासाठी केलेले असते, त्यामुळे आवाज फाटतो आणि बहुधा एकाच बाजूचा येतो. मुद्रणात घूं असा आवाज मिसळला, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवून पाहावे. माझ्याकडची घूं तेवढ्यानेच गेली.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या कीबोर्डचा लॅपटॉपशी संपर्क मध्येच तुटू लागला, म्हणून केबल उपसून पाहिली, तर तिच्या तोंडाशी हिरवट थर चढलेला होता. खाऱ्या हवेत उघड्या राहिलेल्या धातूचे असे होते. वाजवून झाल्यावर केबल काढून कोरड्या डब्यात ठेवावी, कीबोर्डवर कापड घालावे, आणि वीज कडकडू लागली की कीबोर्ड आणि लॅपटॉप या दोन्हींचे प्लग भिंतीतून काढावेत.

प्रश्नकर्ता

बफर २५६ वर ठेवल्यापासून द्रुत लयीतही हात अडत नाही. पहिली चाल आज काळी दोनमध्ये मुद्रित झाली. केबल तांदळाच्या रिकाम्या डब्यात ठेवली आहे.