मदत हवी आहे: सोमवारी नवीन बॅच येतेय, सेफ्टी इंडक्शनची मराठी पीपीटी कुणाकडे आहे का?

शिफ्टवाला_अण्णा
नमस्कार. आमच्या एचआर मॅडम सोडून गेल्या आणि इंडक्शन माझ्या गळ्यात पडलं. त्यांची पीपीटी इंग्रजीत आहे, पाचव्या स्लाइडला पोरं डुलक्या घेतात. साहेब म्हणतात तासाभरात उरक. कुणाकडे मराठीत तयार असेल तर टाका. अर्जंट आहे.

मोशीकर
कंपनी कसली? पोरं किती? करणार काय आहेत?

शिफ्टवाला_अण्णा
चाकण. ऑटोचं काम. पीपीटी आहे का?

मोशीकर
अहो, ऑटोचं म्हणजे सीट शिवता की पत्रा ठोकता? पेंट शॉपचं इंडक्शन वेगळं, प्रेस शॉपचं वेगळं.

शिफ्टवाला_अण्णा
प्रेस शॉप. पॉवर प्रेस, थोडं वेल्डिंग, बेंच ड्रिल. पोरं कंत्राटदाराची.

कायदेपंडित
कंत्राटदाराची असली तरी कारखाने कायदा, १९४८ च्या व्याख्येत तीही कामगारच. त्याच कायद्याचं कलम १११-अ वाचा: सुरक्षेची माहिती आणि प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क आहे. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ च्या दुरुस्तीत हे कलम आलं.

श्रमसंहिता_वाचलेला
पंडितजी, २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्यात. कारखाने कायदा आता सुरक्षा-आरोग्य संहितेत गेला. अण्णा, पोरांना नेमणूकपत्र दिलंय का ते आधी बघा.

कायदेपंडित
म्हणून काय प्रशिक्षण द्यायचं नाही, असं संहितेत लिहिलंय का?

श्रमसंहिता_वाचलेला
असं मी कुठे म्हणालो?

शिफ्टवाला_अण्णा
मंडळी, पीपीटी.

निवृत्त_फोरमन
पीपीटी जाळा. पोरांना बूट, गॉगल घालून थेट शॉपवर न्या. प्रेससमोर उभं करून दोन्ही हातांची बटणं दाखवा. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक येत नाही, म्हणजे प्रेस खाली येत नाही, याचा अर्थ स्ट्रोकच्या वेळी हात डायबाहेरच (साच्याबाहेरच) असतात. मग सांगा की उत्पादन वाढवायच्या नादात कुणी एक बटण टेप लावून दाबून ठेवलं, तर तो त्याच दिवशी घरी. लाइट कर्टन, म्हणजे मध्ये काही आलं की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, असेल तर हात नव्हे, काठी घालून मशीन थांबतं का ते दाखवा. अडकलेला पीस हाताने नाही, मॅग्नेट किंवा चिमट्याने काढायचा. डाय बदलताना मेन बंद, कुलूप, चावी डाय सेटरच्याच खिशात, आणि प्रेसचा वरचा हलता भाग, म्हणजे स्लाइड, खाली येऊ नये म्हणून त्याखाली सेफ्टी ब्लॉकचा टेकू. एवढं पोराच्या डोक्यात बसलं तरी पुष्कळ.

सेफ्टी_फर्स्ट_पुणे
आणि सगळ्यांना हातमोजे सक्तीचे करा. बोटं वाचतात.

निवृत्त_फोरमन
पत्रा उचलताना कट-रेझिस्टंट मोजे हवेतच, पत्र्याच्या कडेची धारदार बर लागून हात फाटतो. पण बेंच ड्रिलवर मोजे म्हणजे बोट घालवायचा धंदा. ड्रिलने मोज्याचा एक दोरा पकडला की मोजा गुंडाळतो आणि त्यामागे बोटही जातं. सरसकट सक्ती करू नका.

सेफ्टी_फर्स्ट_पुणे
आमच्या कंपनीत ड्रिलवरसुद्धा मोजे घालतात. कधी काही झालं नाही.

निवृत्त_फोरमन
होईपर्यंत होत नसतंच, भाऊ. गमछा, कडं, गळ्यातली चेन, बोटातली अंगठी, सगळं गेटवरच काढायला लावा. अंगठीवरून पोरं हटकून वाद घालतात.

हेल्मेटवीर
पुणेकर टू-व्हीलरवर हेल्मेट घालत नाहीत, ते कंपनीत काय घालणार! तळेगाव चौकात संध्याकाळी बघा.

मोशीकर
त्या चौकात वेग असतोच कुठे? पाऊण तास हलत नाही माणूस. अण्णा, पोरं कुठली आहेत? मराठी कळतं का सगळ्यांना?

शिफ्टवाला_अण्णा
निम्मी नांदेड-लातूरकडची, बाकी ओडिशा-बिहार. थोडं हिंदी चालतं.

मोशीकर
हे आधी सांगायचं ना! मराठी पीपीटी घेऊन करणार काय होता? जुन्यांपैकी एखादा ओडिया ऑपरेटर सोबत घ्या आणि शेवटी पोरांकडून करून घ्या: इमर्जन्सी स्टॉप कुठंय, दाब. असेंब्ली पॉइंटपर्यंत चालून दाखव. विजेच्या पॅनेलला आग लागली तर कुठला सिलिंडर उचलशील? पाण्याकडे धावला की परत शिकवा, तिथे सीओटू. ज्याला जमलं नाही त्याला पहिले काही दिवस प्रेसवर उभं करू नका.

डिजिटल_दादा
आमचं मोबाइल ॲप आहे, क्यूआर स्कॅन करून क्विझ. डेमो फ्री. व्यनि करा.

निवृत्त_फोरमन
शॉपवर मोबाइल बंदी असते, दादा.

शिफ्टवाला_अण्णा
तुमचं सगळं पटतंय, पण कस्टमरचं ऑडिट आहे. त्यांना फाइलमध्ये सह्या लागतात. मॅडम जॉइनिंगच्याच दिवशी फॉर्मवर सही घ्यायच्या, 'सर्व सूचना समजल्या' असा इंग्रजी फॉर्म. तोच चालवू का?

कायदेपंडित
अपघात झाला की चौकशीत तोच कागद पहिला मागतात. पोरगा म्हणाला, मला हे वाचताच येत नाही, तर साहेब सापडतील की तुम्ही?

मोशीकर
फॉर्म हिंदी-मराठीत करा, सही शॉपवरच्या फेरीनंतर घ्या. दाखवलं कुणी आणि कुठल्या मशीनवर, तेही लिहा. ऑडिटरलाही तेच आवडतं, मी दोन्ही बाजूंनी बसलोय.

शिफ्टवाला_अण्णा
साहेब तासाच्या वर देणार नाहीत.

निवृत्त_फोरमन
तासात प्रेस आणि आग एवढंच घ्या. कँटीन, रजा, पीएफ, मस्टर वगैरे दुपारी कंत्राटदाराच्या सुपरवायझरला सांगू द्या. आणि पहिल्याच आठवड्यात नाइट शिफ्टला टाकू नका.

शिफ्टवाला_अण्णा
निम्मी पोरं सोमवारी रात्रीच आहेत.

निवृत्त_फोरमन
मग शिफ्ट बदलून घ्या. साहेबांना कस्टमरच्या ऑडिटची भीती घाला, माणसांची घालून उपयोग नाही.

आयटीआय_फिटर_२३
सर व्हेकन्सी आहे का?