मदत हवी आहे : प्रतिकृती रिव्हॉल्व्हरची मूठ हलते

नेपथ्य_गिरगाव : नाटकासाठी आणलेल्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृतीची लाकडी मूठ हलते आणि नटाची करंगळी मुठीखाली अधांतरी राहते. परवा रंगीत तालीम आहे. मूठ पॉलिश कागदाने घासू की नवी करून घेऊ, एवढेच कृपया लगेच सांगावे.

अक्रोडप्रेमी : मॉडेल कोणते, मूठ एकसंध आहे की दोन फळ्यांची, आणि स्क्रू घट्ट असूनही ती हलते का, हे कळल्याशिवाय लाकूड घासू नका.

वकीलकाका : त्याहीआधी तिच्यातून बार उडतो का, हे सांगा. उडत असेल तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना हवा. नकली शस्त्राचे खऱ्यात रूपांतर करण्यासही कलम ६ नुसार परवाना लागतो.

नेपथ्य_गिरगाव : नळी भरीव आहे, बाराचा प्रश्नच नाही. १८५१ च्या ‘कोल्ट नेव्ही’ या अमेरिकी रिव्हॉल्व्हरची प्रतिकृती, मूठ एकसंध, स्क्रू घट्ट.

इतिहासवेडा : मूळ नेव्हीच्या फिरत्या चक्रावर १८४३ मधील कँपेचेच्या सागरी लढाईचे चित्र कोरलेले असे. आपल्या प्रतिकृतीवर ते आहे का?

चर्मकला_धारावी : मुठीला पातळ चामड्याची पट्टी गुंडाळा. रंगभूमीसाठी मी कैक वर्षे हेच करत आलो आहे आणि नटाचा घामेजलेला हातही त्यावरून घसरत नाही.

अक्रोडप्रेमी : दादा, पकड सुधारेल हे मान्य, पण आतली पोकळी तशीच राहील आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला ते चामडे खटकेल. रचना मूळ कोल्टसारखी असेल, तर मुठीमागची धातूची पट्टी घोड्याजवळच्या दोन आणि तळाच्या एका स्क्रूवर बसलेली असते. ती काढून तिच्या आतल्या बाजूला काजळाचा पातळ हात द्यावा, मूठ बसवून स्क्रू आवळावेत आणि पुन्हा उघडून पाहावे. लाकडावर जिथे काळे उमटले तिथे ते टेकते, जिथे कोरे राहिले तिथे पोकळी आहे. पोकळीत व्हिनिअरची, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याची, चकती चिकटवावी. करंगळीचे म्हणाल, तर नेव्हीची मूठ १८६० च्या ‘कोल्ट आर्मी’ मॉडेलपेक्षा आखूडच असते, त्यामुळे मोठ्या हाताचे लोक करंगळी तळाखाली दुमडून धरतात.

सागवान_दादर : ही वस्तू ठेवता कुठे?

नेपथ्य_गिरगाव : दिवाळीपासून वातानुकूलित कार्यालयातल्या कपाटात. पावसाळ्यात मूठ हलत नव्हती, हे लिहायचे राहिले.

सागवान_दादर : मग लाकूड सुकून आक्रसले आहे. आत्ता घासाल तर मूठ आणखी सैल होईल, आणि जाड चकती घातलीत तर जूनमध्ये लाकूड फुगून तडकेल. पातळ चकती घाला, आणि सरसाचा जाड थर न देता थेंबभरच लावून.

नेपथ्य_गिरगाव : काजळ फक्त मुठीच्या टाचेकडे, म्हणजे तळाशी, उमटले, वरचा खांदा कोरा निघाला. तिथे पातळ चकती लावली आणि हलणे थांबले. नटाने करंगळी दुमडून धरून पाहिली, त्याला ते मानवले. आता चकतीच्या कडेला अळशीचे तेल लावू की लाखेचे पॉलिश?

सागवान_दादर : परवापर्यंत तेल सुकणार नाही. लाखच लावा.