सेमिस्टर संपताना येणारा फीडबॅक फॉर्म खराखुरा कसा भरायचा? मदत हवी आहे

शुक्रवारी फॉर्म बंद होतोय आणि माझा अजून अर्धाच भरून झालाय म्हणून इथे विचारतेय. सहा विषय, प्रत्येकाचे वीसेक प्रश्न, उत्तरं 1 ते 5. भरल्याशिवाय पोर्टलवर रिझल्ट दिसत नाही, त्यामुळे वर्गात सगळे काय करतात तर मोबाइलवर उघडायचा, आवडते सर असतील तर वरपासून खालपर्यंत 5, नसतील तर 3, खाली "काही सूचना" मधे एक टिंब टाकायचं (रिकामं सोडलं की पुढे जात नाही) आणि सबमिट. मी पण गेली चार सेमिस्टर हेच केलंय, खरं सांगते, प्रश्न वाचलेसुद्धा नव्हते.

या वेळी एका विषयापाशी अडलेय. ऐच्छिक विषय आहे, आम्ही अकराच जण, मॅडम नवीन आहेत. फार मनापासून शिकवतात, शंका असेल तर तास संपल्यावरही थांबतात. पण पहिला प्रोजेक्ट तपासून हातात आला तो दुसरा जमा करून झाल्यावर, त्यामुळे पहिल्यातली चूक मी आणि अजून तिघांनी दुसऱ्यात जशीच्या तशी केली आणि दोन्हीकडे मार्क गेले. शेवटची दोन युनिटं पण एका आठवड्यात स्लाइड दाखवून उरकली. आता सगळीकडे 5 दिले तर पुढच्या बॅचचं पण हेच होणार, 2 दिले तर इतक्या कष्टाने शिकवणाऱ्या माणसावर अन्याय केल्यासारखं वाटतं. आणि फॉर्मवर नाव नसतं म्हणतात, पण अकरा जणांत प्रोजेक्टचा विषय काढला की कोणी लिहिलं ते कळणारच ना? मार्क लागायच्या आधी त्यांनी वाचलं तर? मुळात हे कोणी वाचतं का?

प्रतिसाद १
सगळीकडे 4 दे आणि मोकळी हो. आम्ही तीन वर्षं लिहून लिहून दमलो, काही फरक नाही पडला.

प्रतिसाद २
मी दुसऱ्या बाजूला आहे, म्हणजे शिकवतो. वरचा प्रतिसाद वाचून वाईट वाटलं, पण तसं का वाटतं ते समजू शकतो कारण लिहिलेल्याचं पुढे काय झालं हे मुलांना कोणी सांगतच नाही.

आधी भीतीचं. बऱ्याच ठिकाणी मार्क भरून झाल्यावरच शिक्षकांना फीडबॅक दिसतो, पण सगळीकडे असं नसतं, त्यामुळे ऑफिसमधे सरळ विचार, यात काही चूक नाही. आणि अकरा जणांत ओळखू येण्याची काळजी खरी आहे. म्हणून "माझे मार्क गेले" असं लिहू नकोस, "पहिल्या प्रोजेक्टचे शेरे दुसरा जमा करायच्या आधी मिळाले असते तर चुका सुधारता आल्या असत्या" असं लिही. हे अकरापैकी कोणीही लिहू शकतं.

आता आकडे. दहा जणांनी 4 दिले आणि एकाने रागाने 1 दिला तर सरासरी 3.73 येते, वर बसलेला माणूस एवढंच बघतो आणि का ते त्याला कळत नाही. मलाही नुसत्या 3.73 वरून काय बदलायचं ते कधी कळलेलं नाही. सरळ रेषेत मारलेले 5 पण तसेच, छान वाटतं पण हाती काही लागत नाही. प्रश्न सुटा सुटा वाचून आकडे दे. शंकासमाधानाला 5, वेळेत तपासण्याला 2, दोन्ही एकाच फॉर्मवर असू शकतात आणि तसा फॉर्म आला की मी थांबून वाचतो. एका मुलीने एकदा "बोर्डवर लिहिता लिहिता बोलता, मागे ऐकू येत नाही" एवढंच लिहिलं होतं, तेव्हापासून मी वळून बोलतो.

प्रतिसाद ३
अजून एक, मॅडम आहेत म्हणून मुद्दाम सांगते. 2015 साली एका ऑनलाइन कोर्सवरचा अभ्यास आला होता, दोन सहायक शिक्षक, एक बाई एक पुरुष, त्यांनी काही गटांसाठी आपली ओळख अदलाबदल केली. काम सगळ्या गटांना सारख्याच वेळात तपासून दिलं होतं, तरी वेळेवर देण्याबद्दल पुरुषाच्या नावाला 4.35 आणि बाईच्या नावाला 3.55 मिळाले. गट लहान होते, पण मला ते विसरता येत नाही. म्हणून आकडा टाकायच्या आधी स्वतःला विचार, हेच एखाद्या सरांनी केलं असतं तर मी किती दिले असते? आणि तारखा बघ, आठवणीवर जाऊ नकोस.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. तारखा काढून बघितल्या, मला वाटत होतं दोन महिने लागले, प्रत्यक्षात साडेपाच आठवडे होते. शिवाय बाकी एका सरांनी यापेक्षा उशिरा दिलं होतं आणि त्यांना मी न वाचता 5 देऊन ठेवले होते, तो फॉर्म अजून सबमिट केला नव्हता म्हणून बदलला.

मॅडमच्या फॉर्ममधे शंकासमाधान 5, तपासणी वेळेत 2, अभ्यासक्रमाचा वेग 3. खाली लिहिलंय: "तासानंतर थांबून उदाहरणं सोडवून घेता त्यामुळे विषय आवडायला लागला, हे कृपया बंद करू नका. पहिल्या प्रोजेक्टचे शेरे दुसऱ्याच्या आधी मिळावेत, सगळे शक्य नसतील तर निदान नेहमीच्या चुका वर्गात सांगाव्यात. शेवटच्या दोन युनिटांना अजून एक आठवडा हवा."

ऑफिसमधे पण विचारलं, मार्क लॉक झाल्यावरच दिसतं म्हणाले. आत्ताच सबमिट केलं.