स्वयंरोजगार आणि विवरणपत्राचा मनस्ताप

प्रश्न: स्वतंत्र व्यवसाय सुरू केल्यापासून कर भरण्यापेक्षा तो किती भरायचा हे ठरवण्यातच अधिक शक्ती खर्च होते. घरातूनच काम चालत असल्याने वीज आणि इंटरनेटच्या खर्चातील व्यवसायाचा वाटा कसा काढावा?

उत्तर १: वापराचे प्रमाण ठरवून त्याचा आधार लिहून ठेवावा आणि तेच प्रमाण वर्षभर पाळावे, संगणकासारख्या टिकाऊ वस्तूची किंमत मात्र बहुधा घसाऱ्याच्या (वापराने वस्तूच्या किमतीत होणाऱ्या घटीच्या) रूपाने अनेक वर्षांत विभागून वजा होते.

उत्तर २: व्यवसायासाठी वेगळे बँक खाते उघडा. निम्मा वैताग तिथेच संपतो.

प्रश्नकर्ता: खाते वेगळेच आहे, परंतु ग्राहकाने कर कापून दिलेली रक्कम बिलांशी जुळत नाही.

उत्तर १: जुळणार नाहीच! बिलाची पूर्ण रक्कम उत्पन्न म्हणून दाखवावी आणि कापलेल्या कराची वजावट देय करातून घ्यावी. त्यासाठी ग्राहकाकडून कपातीचे प्रमाणपत्र मागून घ्या.